उपरी आणि उपकारस्मृति

जुन्या मराठी गांवगाड्यांत ज्याची जमीन वंशपरंपरेची तो मिरासदार, आणि बाहेरून येऊन कुळ म्हणून जमीन कसणारा तो उपरी. मराठी पवित्र शास्त्रांत परदेशांतून येऊन राहिलेल्या मनुष्यास हाच शब्द योजिला आहे. अशा उपऱ्याशीं आपण कसें वागावें, याचा आज थोडा विचार करूं.

अनुवादाच्या २६ व्या अध्यायांत प्रथमफळांचा विधि सांगितला आहे. इस्राएली शेतकऱ्यानें पहिल्या पिकाची टोपली देवापुढें ठेवावी. परंतु ठेवतांना स्वतःच्या कष्टांची प्रौढी सांगूं नये. आपला मूळ पुरुष भटका होता, मिसर देशांत आपण उपरे होतों, व देवानें सोडवून ही भूमि दिली, हें त्यानें बोलून दाखवावें. मग त्या आनंदांत उपऱ्यास सहभागी करावें. येथें उपकारस्तुति व उपऱ्याचा सत्कार हीं दोन निराळीं कृत्यें नाहींत. ज्यास आपलें उपरेपण आठवतें, त्यासच दुसऱ्याचें दुःख कळतें.

लेवीय पुस्तकांत तर शेताचा सरवा गरीब व उपरी यांजसाठीं राहूं द्यावा, अशी स्पष्ट आज्ञा आहे. मवाबांतून आलेल्या रूथनें असाच सरवा वेंचून सासूस पोसलें. तिचा पणतू दावीद राजा, आणि त्याच्याच वंशांत प्रभु येशूचा जन्म झाला.

आपल्या महाराष्ट्रांतहि अशी गोष्ट घडली आहे. १९४० व १९४१ सालीं सोव्हिएट सरकारनें पूर्व पोलंडांतील लक्षावधि लोकांस सैबेरिया व मध्य आशियाकडे हद्दपार केलें. पुढें सुटका झाल्यावर त्यांतील कित्येक इराणमार्गें हिंदुस्थानांत आले. १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणींत सुमारें ५,००० जणांस आश्रय मिळाला. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलें होतीं. आज पोलंडच्या राजधानींत, वार्सा येथें, कोल्हापूरच्या नांवाचें स्मारक उभें आहे. आश्रय घेणारे विसरले नाहींत.

मग आम्हीं विसरावें काय? १८९६ ते १९०० या काळांतील दुष्काळांत निराधार झालेलीं पुष्कळ मुलें मिशनच्या अनाथगृहांत वाढलीं. आम्हां ख्रिस्ती लोकांतील कित्येक घराणीं त्यांच्यापासूनच चाललीं आहेत. असें असूनहि एकदां परप्रांतांतून आलेल्या एका मजुराचा मुलगा वर्गांत धडा वाचूं लागला, तेव्हां त्याच्या उच्चारांस सारा वर्ग हंसला, आणि क्षणभर आम्हीहि हंसलों. त्यानंतर कित्येक दिवस त्या मुलानें तोंड उघडलें नाहीं. शेवटीं आम्हीं वर्गासमक्ष त्याची क्षमा मागितली. पण त्याचा पहिला उत्साह पुन्हां दिसला नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, उपऱ्यास देण्यास तुमच्याजवळ शेत नसेल. परंतु बांकावर शेजारची जागा आहे, डब्यांत भाकरी आहे, आणि चुकलेला शब्द हंसूं न येतां सांगण्याइतकी जीभ आहे. भोजनापूर्वीं तुम्ही देवाचे आभार मानतां. ते मानतांना आपल्या वडिलांस कोणी दार उघडलें होतें, एवढें घरीं अवश्य विचारा.