कुट्टीपाशी कान मोकळे ठेव

भोसरी, पुणे 39
रविवार

चि. ओंकार यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी भाजी घेताना आपल्या ईटचीच एक बाई भेटली. पाऊसपाणी, सोयाबीन, कोणाचं लग्न ठरलं, सगळं बोलून झालं आणि निघता निघता ती म्हणाली, "तुमच्या भाच्याचा हात कडबाकुट्टीत जाता जाता वाचला म्हणं." मला पुढचं काही सुचेना. घरी येईपर्यंत दादाला फोन लावत राहिले, तो लागेना. रात्री वहिनी बोलली तेव्हा खरं कळलं. हात गेला नाही, हेडफोनची वायर गेली. वायर गळ्यात लोंबत होती, कडब्याच्या पेंडीबरोबर रोलरनं ती आत ओढली, तुझी मान खाली खेचली गेली आणि हेडफोन कानावरून निसटला म्हणून तू वाचलास. वहिनीला धड बोलवत नव्हतं. मग तू फोन घेतलास आणि म्हणालास, "काही नाही गं आत्या, वायरच लांब होती. मी कापून छोटी केली. घरीच सोल्डर मारलं."

ओंकार, मला रात्रभर डोळा लागला नाही. फोनवर तू "हो हो" म्हणतोस आणि विषय बदलतोस, म्हणून हे लिहायला बसले.

वायर छोटी केली म्हणजे धोका टळला, असं तू धरून चाललास ना? तीन मीटरची वायर होती ती. मानसीताईनं तो हेडफोन टेबलापाशी बसून अभ्यास करायला घेतला होता, आणि तिचं शिक्षण संपल्यावर मीच तो तुला पाठवला. तो गोठ्यात जाईल असं माझ्या मनातही नव्हतं. आता ती वायर सव्वा मीटरची झाली. पण तुझे कान तर अजून बंदच आहेत. पेंडी अडकली की कुट्टीचा आवाज जड होतो, मोटर कण्हायला लागते. दादा तो आवाज ऐकून हात मागे घेतो. तुला कानात गाणं चालू असताना तो कसा कळणार? मागून कोणी "थांब" म्हणून ओरडलं तर? बटण भिंतीवर आहे, आणि बटण बंद केलं तरी ते जड चाक पात्यांसकट काही वेळ फिरतच राहतं. रोलरला कडबा आणि मनगट यांतला फरक समजत नाही.

आमच्या कारखान्यात दर वर्षी 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असायचा. सगळ्यांना उभं करून शपथ द्यायचे. ओढणी पिनेनं बांधलेली हवी, केस टोपीत हवेत, फिरत्या यंत्राजवळ अंगावर काही लोंबतं नको. आम्हा बायकांना तेव्हा ते जाच वाटायचं. चालत्या यंत्राच्या पट्ट्याला हात लावणाऱ्याचे कपडे अंगाबरोबर बसणारे हवेत, हे 1948 च्या कारखाना कायद्यातच लिहिलेलं होतं. शेतात मळणीयंत्रांत माणसांचे हात जायला लागले, तेव्हा 1983 साली धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. त्या कायद्यांमागे कोणाकोणाचे हात गेलेले आहेत, बाळा. पण आपल्या गोठ्यात कोणी इन्स्पेक्टर येत नाही. तिथं तुझी काळजी तुलाच घ्यायची आहे.

आणि एक विचारते, त्याचं खरं उत्तर दे. त्या दिवशी जी कुट्टी झाली ती म्हशींना घातलीत का? वायर पात्यांखाली गेली म्हणजे तिचे बारीक तुकडे वैरणीत मिसळले. जनावर निवडून खात नाही. तारेचा टोकदार तुकडा त्याच्या जाळीदार पोटात अडकून बसतो, आणि पुढे टोचत गेला तर हृदयापर्यंत पोचतो. हेडफोनची तार मऊ असते, तरी भरवसा धरू नकोस. ती तांब्याची आहे, लोहचुंबक फिरवलंस तरी निघणार नाही. ती वैरण शिल्लक असेल तर सगळी उकिरड्यावर टाक. आधीच घातली असेल तर कोणती म्हैस वैरण सोडतेय का, पाठ वाकवून उभी राहतेय का, यावर लक्ष ठेव आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात काय झालं ते स्पष्ट सांग. दादा रागावेल म्हणून लपवू नकोस. त्या म्हशींवर तुमचं घर चालतं.

कुट्टीच्या गोंगाटात गाणं ऐकू यावं म्हणून तू आवाज वाढवत असणार. जागतिक आरोग्य संघटना सांगते की 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास चालतो, पण तोच 90 वर गेला की आठवड्याला चारच तास. एकदा गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. लाइनवर कॉम्प्रेसरशेजारी बसणाऱ्या बायका आता टीव्ही किती मोठ्यानं लावतात, ते मी बघते.

आता रागावणं थोडं बाजूला ठेवते, कारण सकाळी मानसीनं मला तू पाठवलेला जोडाचा फोटो मोठा करून दाखवला. मी कितीतरी वेळ तो बघत होते. आपल्या घरात माझ्यामागं सोल्डरिंग आयर्न हातात धरणारा तू पहिला. वायर तुटली की फेकून नवी आणायची, अशा दिवसांत तू ती जोडायला बसलास, याचं मला फार बरं वाटलं. ते आधी सांगायला हवं होतं.

पण जोड कच्चा आहे. सोल्डरचा गोळा फिकट, खडबडीत दिसतो. त्याला आम्ही ड्राय सोल्डर म्हणायचो आणि तसा बोर्ड सरळ रिजेक्ट व्हायचा. गाण्यातला गाणाऱ्याचा आवाज गायब झालाय आणि नुसती वाद्यं पोकळ ऐकू येतात, असं तू मानसीला सांगितलंस ना? म्हणजे तुझी समाईक तार सुटली आहे. ती सुटली की दोन्ही कानांतले स्पीकर एकामागे एक जोडले जातात आणि डाव्या-उजव्या आवाजातला फरक तेवढा ऐकू येतो. गाणाऱ्याचा आवाज दोन्हीकडे बहुधा सारखाच असतो, म्हणून तो नाहीसा होतो.

हेडफोनची तार साध्या वायरीसारखी नसते. केसाएवढ्या तांब्याच्या तारा, त्यांत ताकदीसाठी नायलॉनचे धागे, आणि प्रत्येक तारेवर इनॅमलचा रंगीत लेप. तो लेप गेल्याशिवाय सोल्डर धरत नाही. वरून गोळा बसतो आणि आत वीज जात नाही. तुझं तेच झालंय. टोकाचे धागे आधी कापून टाक. मग आयर्नच्या टिपवर सोल्डरचा थेंब घेऊन तारेचं टोक त्यात धर. 350 ते 400 अंशांवर लेप जळतो आणि तार चंदेरी होते. हे टिनिंग झाल्याशिवाय पुढं जाऊ नकोस. लाल तार बहुतेक उजव्या कानाची, हिरवी किंवा निळी डाव्या कानाची आणि तांब्याच्या रंगाची समाईक. पण कंपनीगणिक रंग बदलतात, म्हणून मल्टिमीटर लावून खात्री कर.

तू वायर मधोमध कापून जोडलीस. त्यापेक्षा मधला जोड काढून टाक आणि जॅकच्या टोकाला नवीन 3.5 मिलिमीटरचा जॅक बसव. मधला जोड कडक होतो आणि त्याच्या कडेला वाकून वाकून तार पुन्हा तुटते. जॅकमध्ये तो धातूच्या टोपणात सुरक्षित राहतो. टोपण आणि स्लीव्ह वायरीत आधी ओवून घे. जोड झाल्यावर ते मागून घालता येत नाहीत. जॅकचं टोक डाव्या कानाचं, मधलं कडं उजव्या कानाचं, मागचा भाग समाईक. आयर्न दोन-तीन सेकंदांच्या वर टेकवू नकोस, आतलं प्लॅस्टिक वितळतं. सोल्डर गोठेपर्यंत तार हलू देऊ नकोस, फुंकरही मारू नकोस. मग जॅकच्या टोकावर आणि मागच्या भागावर मल्टिमीटर लाव. तुझा हेडफोन 32 ओहमचा आहे, म्हणजे आकडा तिसाच्या आसपास यायला हवा. शून्य आला तर तारा आत चिकटल्या, काहीच आलं नाही तर जोड सुटला. पक्की खात्री झाल्यावरच फोनला लाव.

आणि हे सगळं रात्री, अंथरुणावर बसून, दार लावून करायचं नाही. वहिनी म्हणाली खोली धुरानं भरते. तो धूर फ्लक्सच्या राळेचा असतो, त्यानं दमा लागतो. मला थंडीत जो खोकला येतो तो तिथलाच. खिडकी उघडी ठेव, तोंड धुरावर धरू नकोस. साधं 60-40 सोल्डर 190 अंशांच्या आत पूर्ण वितळतं, पण त्यात 40 टक्के शिसं असतं. 2006 पासून युरोपला जाणाऱ्या मालात ते चालेना, म्हणून आमच्या लाइनवर बिनशिशाचं आलं. ते 217 अंशांच्या पुढं वितळतं, हात बसायला आम्हाला बराच वेळ लागला. तुझ्याकडचं जुनंच आहे. काम झाल्यावर हात साबणानं धू, मगच भाकरीला हात लाव. कचरा कागदात गोळा करून बाहेर टाक. गोठ्यात एक कणही जाऊ देऊ नकोस. शिसं म्हशीच्या पोटात गेलं तर दुधात उतरतं, आणि आपलं दूध खव्याच्या भट्टीला जातं.

बाळा, मी दहावी झाले तेव्हा आमच्या बाईंनी घरी येऊन अण्णांना आयटीआयचा फॉर्म दिला होता. रेडिओ मेकॅनिकचा ट्रेड होता. अण्णांचा ट्रान्झिस्टर मी उघडून पाहायची, हे बाईंना ठाऊक होतं. अण्णा म्हणाले, "पोरीला कशाला?" आणि मी गप्प बसले. अण्णा वाईट नव्हते. मी रडून, उपाशी राहून हट्ट धरला असता तर कदाचित ऐकलंही असतं. तो हट्ट धरायचा राहून गेला. पुढं लग्न होऊन इथं आले आणि लाइनवर बसले. हात इतका बसला की सुपरवायझर नवीन मुलींना माझ्याजवळ बसवायचे. पण बोर्डावरचे तेच तेच चार पॉइंट मी वर्षानुवर्षं जोडले आणि तो बोर्ड नेमकं काय करतो हे मला कोणी सांगितलं नाही. जे कळलं ते फार उशिरा, मानसीची पुस्तकं चाळून. नुसता हात शिकला आणि डोकं मागं राहिलं, याची हळहळ मला आजही आहे.

तुझं तसं व्हायला नको. व्हिडिओ बघून जोड मारता येतो, पण तो का धरतो आणि का सुटतो हे शिकायला बसावं लागतं. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे. बार्शीला, धाराशिवला चौकशी कर. दादा शेताचं कारण पुढं करेल; त्याच्याशी मी बोलते. पैशाचा विचार तू करू नकोस. दिवाळीत इकडं ये. तुला बुधवार पेठेत तापकीर गल्लीत घेऊन जाते, तुझ्या हातात बसेल असं आयर्न आपण निवडू. नंतर माझ्या शेजारी बसून जोड मार. मला आता चष्म्याशिवाय बारीक तार दिसत नाही, पण हात अजून थरथरत नाही.

काल मी तुला फोनवर फार बोलले. तुझा आवाज एकदम बारीक झाला होता, तो माझ्या कानातून जात नाही. तू लहान असताना तुला ताप आला की मी पुण्याहून मिळेल त्या एसटीनं यायची, ते तुला आठवत नसेल. तुझं वाईट व्हावं म्हणून आत्या कधी रागावली नाही. तुझ्या हातांत कसब आहे. ते हात दहा बोटांसकट राहावेत, एवढंच माझं मागणं आहे. गाणी ऐक, ओट्यावर बसून, झोपताना, हवी तेवढी ऐक. कुट्टीवर, मोटरसायकलवर आणि रात्री दारं धरायला जाताना मात्र कान मोकळे ठेव. वायर छोटी असो की मोठी.

पार्सलमध्ये दोन जॅक, स्लीव्ह, थोडं चांगलं सोल्डर आणि आयर्नचा स्टँड पाठवते आहे. वहिनीला सांग, मी तिच्यावर अजिबात रागावलेली नाही. आईच्या गुडघ्याला तेल लावत जा. वेळेवर जेवत जा.

पत्र मिळालं की मला फोन कर. कुट्टीवर जाताना हेडफोन घरात ठेवून जातोस, एवढं तुझ्या तोंडून एकदा ऐकू दे.

तुझी
आत्या