टाळ ऐकू येतात, मृदंग कुठे गेला?

समजा, मेहकरहून एक मोटार समृद्धी महामार्गाने सिंदखेडराजाकडे निघाली आहे. गाडीत भजन लावले आहे. गाडी उभी होती तेव्हा टाळ आणि मृदंग दोन्ही स्वच्छ ऐकू येत होते. गाडीने ताशी शंभर किलोमीटरचा वेग घेताच टाळांचा छणछणाट तेवढा उरला. मृदंगाचा घुमारा नाहीसा झाला. चालकाने आवाज वाढवला. टाळ कानाला टोचू लागले, पण मृदंग काही परत आला नाही. असे का व्हावे?

याचे एक कारण रस्त्यात आहे. चाकांच्या व पत्र्याच्या घरघरीत खर्जाचे, म्हणजे कमी कंप्रतेचे आवाज अधिक असतात. ते मृदंगाच्या खर्जाला झाकून टाकतात. टाळांचा स्वर उंच, म्हणून तो या घरघरीतून वर निघतो. दुसरे कारण स्पीकरमध्ये आणि तो बसवण्याच्या रीतीत आहे. ते मात्र आपल्या हातचे आहे.

मध्यखर्ज म्हणजे काय?

मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात. तिच्या भाराने कातडे सावकाश कंप पावते व स्वर खाली उतरतो. या घुमाऱ्याचा बराच भाग दर सेकंदास सुमारे ८० ते ३०० कंपने, म्हणजे ८० ते ३०० हर्ट्झ, या पट्ट्यात येतो. बाजारात याला 'मिडबास' म्हणतात. आपण मध्यखर्ज म्हणू.

उन्हाळ्याच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर धरू. वेगाला कंप्रतेने भागले की तरंगलांबी मिळते. १०० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी ३.५ मीटर आली, तर १०,००० हर्ट्झच्या स्वराची अवघी ३.५ सेंटिमीटर. हा फरक लक्षात ठेवा; पुढची सारी गोष्ट त्यावरच उभी आहे.

स्पीकर केवढा घ्यावा?

स्पीकरचा शंकू हवेला ढकलतो. खर्ज ऐकू येण्यासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते. तेवढाच आवाज हवा असेल आणि कंप्रता निम्मी झाली, तर शंकूला चौपट अंतर मागेपुढे व्हावे लागते. चार इंची स्पीकरच्या शंकूचा उपयोगी व्यास सुमारे ८ सेंटिमीटर असतो, साडेसहा इंचीचा सुमारे १३. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून मोठ्या शंकूचे क्षेत्रफळ अडीचपटीहून अधिक भरते. तेवढीच हवा हलवायला लहान शंकूला अडीचपट धाव घ्यावी लागेल. ती त्याला झेपत नाही आणि आवाज फाटतो. म्हणून दारात जागा असेल तर साडेसहा इंची स्पीकर बरा. मात्र आधी काच पूर्ण खाली घेऊन ती मागच्या चुंबकाला लागत नाही ना, हे पाहावे.

दार हीच पेटी

शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते. त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. मागची लहर कडेने वळून पुढे आली तर दोघी एकमेकींना खोडतात. खर्जाची तरंगलांबी काही मीटरांची असल्याने स्पीकरच्या कडेचा वळसा तिच्यापुढे नगण्य ठरतो व खर्ज मरतो. टाळांच्या आखूड लहरींचे असे होत नाही.

करून पाहा: एक सुटा स्पीकर वाजवा. मग साधारण ६० सेंटिमीटर चौरस जाड पुठ्ठ्याला त्याच्या मापाचे भोक पाडून त्यावर तो घट्ट बसवा. आवाजाचे बटण न फिरवताही खर्ज वाढलेला ऐकू येईल.

मोटारीच्या दारात हेच काम आतल्या पत्र्याने करायचे असते. पण त्याला मोठमोठी भोके असतात. ती पत्रा किंवा जाड डांबरी पट्टी लावून बंद करावीत. स्पीकरखाली भक्कम कडे द्यावे, बाहेरच्या पत्र्याला आतून डांबरी पट्टी चिकटवावी म्हणजे तो खडखडणार नाही. दाराच्या तळाची भोके मात्र कधीही बुजवू नयेत. पावसाचे पाणी तेथूनच निघून जाते. ते साचले तर दार गंजते.

जोडणीतील चूक

डाव्या-उजव्या स्पीकरपैकी एकाच्या तारा उलट जोडल्या, तर एक शंकू पुढे जाताना दुसरा मागे जातो आणि खर्ज पुन्हा नाहीसा होतो. अँप्लिफायरपासून सोडवलेल्या स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला असेल, तर शंकू बाहेर येतो. अँप्लिफायरवर सोय असेल तर सुमारे ८० हर्ट्झखालचे स्वर या स्पीकरकडे जाऊ देऊ नयेत. त्याची धाव वाचते.

वॅटचा हिशेब

डब्यावर '५० वॅट' छापलेले दिसते. गाडी चालू असताना बॅटरीवर सुमारे १४ व्होल्ट असतात. दाब वाढवण्याची वेगळी सोय नसलेल्या अँप्लिफायरमधून प्रत्यावर्ती विजेचा शिखर-दाब फार तर १४ व्होल्ट, म्हणजे परिणामी दाब सुमारे १० व्होल्ट मिळतो. दाबाचा वर्ग भागिले रोध: १०० भागिले ४ ओहम, म्हणजे २५ वॅट. छापील आकड्याला भुलून पैसे घालवण्याआधी एवढा भागाकार करावा.

कान आणि रस्ता

खर्ज नीट आला की आवाज वाढवावा लागत नाही, हा खरा लाभ. एका प्रचलित निकषानुसार ८५ डेसिबेल आवाजात दिवसाला आठ तास राहता येते. दर तीन डेसिबेल वाढीला ही मुदत निम्मी होते. ९१ डेसिबेलला उरतात दोनच तास. दिवसभर गाडी हाकणाऱ्याने हा हिशेब विसरू नये. रुग्णवाहिकेचा भोंगा आणि मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे.

आता तुम्ही सांगा: ७० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी किती? ती तुमच्या वर्गखोलीच्या लांबीशी ताडून पाहा.