गारुड : शब्द आणि बोध



‘त्याने साऱ्या गावावर गारुड केले’ असे आपण सहज बोलतो. साप-मुंगुसाचा खेळ करणारा गारुडीही निपाणी-चिकोडीकडील जुन्या मंडळींनी पाहिलेला आहे. परंतु या शब्दाचे मूळ फसवणुकीत नाही. गरुड हा सर्पांचा वैरी. गरुडाचे ते ‘गारुड’. सर्पविष उतरविण्याचा मंत्र म्हणजे गारुड व तो जाणणारा गारुडिक, असा संस्कृतातील अर्थ. तोच कन्नडमध्ये ‘गारुडिग’ आणि मराठीत ‘गारुडी’ झाला. विष उतरविणारा साप खेळवू लागला, खेळविता खेळविता लोकांचे डोळे फसवू लागला. त्याच्याबरोबर शब्दही घसरला.

डोळे फसविण्याला मराठीत ‘नजरबंदी’ म्हणतात. कन्नडमध्ये ‘कण्कट्टु’ : कण् म्हणजे डोळा, कट्टु म्हणजे बांधणे. आपल्या सीमाभागातील दोन्ही भाषा एकच गोष्ट सांगतात. जादूगार वस्तू बदलीत नाही, आपली दृष्टी बांधतो.

शून्यसंपादनेत अल्लमप्रभू व गोरक्षाचा प्रसंग आहे. गोरक्षाला आपल्या वज्रदेहाचा अभिमान होता. प्रभूंनी खड्ग मारले, तेव्हा खणखणाट झाला, पण केसही तुटला नाही. मग गोरक्षाने प्रभूंवर खड्ग चालविले. ते आकाशातून फिरावे तसे आरपार गेले. गोरक्ष शरण आला. कोणी विचारील, हाही चमत्कारच नव्हे काय? नव्हे. तो खणखणाट देहाचा नव्हता, ‘मी’पणाचा होता. जेथे ‘मी’ उरला नाही, तेथे खड्गाला लागावयास काहीच नव्हते. हाच येथील बोध आहे.

आजही कोणी रिकाम्या मुठीतून भस्म काढतो आणि भोळे भक्त त्याच्या पायांवर डोके ठेवतात. विभूती हे अष्टावरणांतील एक आवरण आहे, हातचलाखीचे साधन नव्हे. महाराष्ट्रात २०१३ साली व कर्नाटकात २०१७ साली अशा भोंदूगिरीविरुद्ध कायदे झाले. पण आपला विवेक जागा नसेल तर कायदा कोठवर पुरणार? सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता रुग्णास तात्काळ दवाखान्यात न्यावे, हाही विवेकच.

आणव, मायीय व कार्मिक हे तीन मल म्हणजे जीवाला चढलेले विष. दीक्षेने ते उतरवितो तो सद्गुरू. म्हणून कोणापुढे मस्तक नमविण्यापूर्वी स्वतःस विचारा : याच्या सहवासात माझा क्रोध, माझा लोभ उतरला, की केवळ माझे डोळे बांधले गेले?

शरणु शरणार्थी.