टीएचसीएच्या पाकिटाबद्दल

कळंबोली

चि. भाच्यास,

तू पाठवलेला पाकिटाचा फोटो मोठा करून नीट पाहिला. ‘आत्या, तू केमिस्ट्रीवाली. हे कच्चं आहे, म्हणजे नशा नाही आणि लीगल आहे, बरोबर ना?’ असं तू विचारलंस. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींत उत्तर देण्यासारखं हे नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. तुझ्या बाबाला यातलं काही बोललेले नाही. तोंडात घालण्याआधी तू विचारलंस, याचं मला फार बरं वाटलं.

पाकिटावर दोन आकडे आहेत. डेल्टा-९ टीएचसी ०.२ टक्के आणि टीएचसीए २२ टक्के. तुझा रूममेट पहिला आकडा दाखवतो आहे, पण खरी गोष्ट दुसऱ्यात आहे. गांजाच्या ताज्या झाडात नशा आणणारं टीएचसी अगदी थोडं असतं. मादी झाडाच्या फुलोऱ्यावर चिकट राळेचे बारीक थेंब धरतात, त्यांत असतं ते टीएचसीए, म्हणजे टीएचसीचंच आम्लरूप. या आम्लाच्या रेणूला एक कार्बॉक्सिल गट जास्तीचा जोडलेला असतो. त्यामुळे मेंदूतल्या ज्या ग्राहींवर टीएचसी जाऊन बसतं, तिथे हे नीट बसत नाही. कच्चं खाल्लं तर झिंग येत नाही, हे तेवढ्यापुरतं खरं आहे. पण शंभर अंशांच्या पुढे तापलं की तो गट कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. डीकार्बॉक्सिलेशन तू बारावीला पाठ केलं होतंस, तेच हे. मागे उरतं ते निखळ टीएचसी, मेशुलम आणि गाओनी यांनी १९६४ मध्ये इस्राएलमध्ये शुद्ध रूपात वेगळं काढलं होतं तेच.

आता वही काढ. टीएचसीएचा रेणुभार ३५८.५. त्यातून कार्बन डायऑक्साइडचे ४४ गेले की ३१४.५ राहतात. गुणोत्तर ०.८७७. बावीस टक्क्यांना त्याने गुण, १९.३ येतात. आधीचे ०.२ मिळव. झाले साडेएकोणीस टक्के. म्हणजे एक ग्रॅम फुलात १९५ मिलिग्रॅम टीएचसीची सोय आहे. अमेरिकेत संशोधनासाठी टीएचसीच्या मात्रेचं एकक २०२१ पासून ५ मिलिग्रॅम धरतात. ओढताना बरंचसं जळून आणि धुरात वाया जातं, ते सोडून दे. तरी उरतं ते नवख्या मुलाला आडवं करायला पुरेसं आहे. आणि हे फूल चावून खायला कोणी विकत घेत नाही रे. फोटोच्या कोपऱ्यात रोलिंग पेपरची पट्टी दिसते आहे मला.

ठेवून ठेवून, उन्हाने, पार्सलच्या उष्म्यानेही हे आम्ल हळूहळू टीएचसीत बदलत राहतं. छापलेला आकडा तपासणीच्या दिवसाचा, तोही तपासणी खरोखर झाली असेल तर. नोकरीआधीच्या लघवीच्या तपासणीत ‘मी कच्चंच घेतलं होतं’ हे कोणी ऐकून घेत नाही. रोज घेणाऱ्याच्या लघवीत त्याची खूण काही आठवडेसुद्धा सापडते.

टीएचसीए औषधी आहे, सूज उतरवतं, असंही रूममेटने तुला सांगितलं असणार. परीक्षानळीत आणि उंदरांवर तसे संकेत मिळाले आहेत. माणसांवर नीट केलेल्या चाचण्या फारच थोड्या आहेत. आयुर्वेदात विजया, म्हणजे हीच वनस्पती, आहे, नाही असं नाही, पण ती शोधन करून, दुधातुपात शिजवून-परतून, वैद्याच्या देखरेखीखाली द्यायची असते. औषधांच्या नियमांतही ती देखरेखीखाली घ्यायच्या विषारी द्रव्यांच्या यादीत, अनुसूची ई-१ मध्ये आहे. इन्स्टाग्रामवरून आलेल्या पाकिटाचा तिच्याशी काय संबंध?

आता घरातलं एक सांगते, तुला कोणी सांगितलं नसेल. तुझ्या आजोबांच्या धाकट्या भावाला विशीतच स्किझोफ्रेनिया झाला. रात्रभर जिन्यात बसायचे, शेजारी आपल्याबद्दल बोलतात म्हणायचे, जेवणाचं ताट पुढे आलं की आधी वास घ्यायचे. त्यांनी गांजा कधी ओढला नव्हता. आजार रक्तातच होता. ज्यांच्या घरात असा आजार आहे, त्यांना टीएचसीचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. युरोपातल्या शहरांत आणि ब्राझीलमध्ये झालेला एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये लॅन्सेट सायकिअ‍ॅट्रीत आला. त्यात दहा टक्क्यांहून जास्त टीएचसीचा माल रोज ओढणाऱ्यांमध्ये मनोविकृतीचा पहिला झटका येण्याचं प्रमाण, कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट निघालं. तुझ्या पाकिटात साडेएकोणीस टक्के आहेत. तू वीस वर्षांचा आहेस आणि मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते. सगळ्यांना असं होत नाही, बहुतेकांना होत नाही, हे मी लपवणार नाही. पण आपण त्या बहुतेकांत आहोत की नाही, हे आधी कळायची सोय नाही. तुझ्या बाबतीत तर मला शंकाही नको आहे. रोज ओढणाऱ्या काहींना उलट्यांचे असे झटके येतात की सलाइन लावावं लागतं, तेही लक्षात ठेव.

लीगलचं बघू. टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत असलं की चालतं, ही गोष्ट अमेरिकेची. तिथल्या २०१८ च्या शेती कायद्याने डेल्टा-९ टीएचसी ०.३ टक्क्यांपर्यंत असलेलं झाड ‘हेम्प’ ठरवलं. आम्लाचा हिशेब कायद्याच्या व्याख्येत धरला नाही, आणि त्या फटीतून हा सगळा धंदा उभा राहिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथेही कायदा बदलला. आता टीएचसीएसकट एकूण टीएचसी मोजायचं ठरलं आहे आणि अंमल वर्षभराने आहे. आपल्याकडे ही फट कधी नव्हतीच. १९८५ चा अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा टक्के विचारत नाही. झाडाचा फुललेला किंवा फळलेला शेंडा म्हणजे गांजा, त्याला कोणतंही नाव द्या. पानं आणि बिया शेंड्यासोबत नसतील तर वगळल्या आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हेच स्पष्ट केलं. तुझ्या फोटोत शेंडेच आहेत. आणि भांगेचं पान केंद्राच्या कायद्यातून सुटलं, तरी महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहेच.

एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ धरतात. त्यालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ब्राउनीत घातला तर काही ग्रॅमचा हिशेब होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात सांगितलं आहे की मिश्रणाचं सगळं वजन धरायचं. व्हेपमधून घ्यायचं म्हणाल, तर ई-सिगारेटवर २०१९ पासूनच बंदी आहे. भारताने २ डिसेंबर २०२० ला संयुक्त राष्ट्रांत गांजाच्या बाजूने मत दिलं, असं रूममेट सांगेल. ते मत गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्यापुरतं होतं. इथला कायदा तसूभर बदलला नाही.

दोन गोष्टी मात्र अगदी कठोरपणे सांगते. फ्लॅटचा भाडेकरार तुझ्या नावावर आहे. जागा जाणूनबुजून अशा कामाला वापरू देणाऱ्यालाही एनडीपीएसचं कलम २५ लागतं. ‘मी ओढत नव्हतो’ म्हणून सुटका नाही. तेव्हा पाकीट घरात राहता कामा नये, तू पाकिटाला हात न लावता आजच रूममेटला सांग. दुसरं, दिवाळीला तुम्ही चौघं त्याच्या गाडीने पुण्याहून इकडे येणार आहात. एक्सप्रेसवे आमच्या कळंबोलीतच संपतो आणि इथे पोलिसांची नाकाबंदी नेहमीची आहे. नवी मुंबई पोलिसांनी जानेवारी २०२५ पासून अमली पदार्थांविरुद्ध मोहीमच उघडली आहे. डिकीत काही सापडलं तर ते कोणाचं, हे आधी चौघांनाही विचारतात, आणि ताबा असेल तर माहीतही होतं असं कायदा धरून चालतो. ते खोडून काढायचं ओझं तुमच्यावर. तुला पुढे परदेशी शिकायला जायचं आहे. अमेरिकेच्या व्हिसाला अमली पदार्थाखालची शिक्षा आड येते. तू रेल्वेने पनवेलला ये, मी रिक्षा करून न्यायला येईन.

त्या मुलाला तोडून टाक असं मी म्हणत नाही. तो रोज ओढत असेल, ओढल्याशिवाय झोप लागत नसेल, तर त्याला माणसांची गरज आहे. पुण्यातच येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. जाताना तो घाबरेल, तू बरोबर जा. सरकारची नशामुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे. मन सैरभैर झालं, भास व्हायला लागले तर टेलिमानसचा १४४१६ आहे. व्यसनी माणूस आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला गेला आणि ते पूर्ण केले, तर सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याला कलम ६४अ चं संरक्षण मिळतं. हे त्याला आवर्जून सांग. पोलिसांच्या भीतीने बरीच मुलं दवाखान्याची पायरी चढत नाहीत.

शनिवारी दुपारी फोन कर. पाकिटाचं काय झालं आणि तो काय म्हणाला, दोन्ही सांग. तो माझ्याशी बोलायला तयार असेल तर त्यालाच फोन दे.

तुझी,
आत्या