सगळ्यांना एकदम बोलू द्या

कोरियात इंग्रजी शिकवायला जाणारे मराठी शिक्षक अजून थोडेच आहेत. २०१० साली भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यातला आर्थिक भागीदारीचा करार लागू झाला आणि शिक्षक म्हणून पात्रता असलेल्या भारतीयांना तिथल्या शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून जायची वाट मोकळी झाली. त्या वाटेने मी गेले. माझ्याकडे मिडल स्कूलचे वर्ग होते, म्हणजे आपल्या हिशेबाने सातवी ते नववी. आता कुणी तिकडे निघालं की फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, मुलांना बोलतं करायला कोणते खेळ घेऊ?"

खेळांची नावं मी नंतर सांगते. आधी त्यांना हिशेब करायला लावते. तिथल्या मिडल स्कूलचा तास ४५ मिनिटांचा. हजेरी, बाकं हलवणं आणि नियम समजावणं यात दहा मिनिटं कुठे जातात ते कळत नाही. वर्गात २८ मुलं धरा. एका वेळी एकच मूल बोलणार असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा मिनिट येतं, आणि तेही शिक्षकाने तोंडातून अवाक्षर काढलं नाही तर. प्रत्यक्षात चारपाच धीट मुलं बोलतात आणि बाकीची त्यांच्याकडे बघत बसतात. पटलावर गुण चढत असतात, आरडाओरडा असतो, टाळ्या असतात. व्हरांड्यातून जाणाऱ्याला वाटतं, काय छान तास चाललाय! बोललं मात्र कुणीच फारसं नाही.

हे मी जरा कळकळीने सांगते, कारण या गोंगाटाची किंमत एका मुलाने मोजलेली मी पाहिली आहे.

पडद्यावरचा 'बॉम्ब'चा खेळ कोरियातल्या इंग्रजी वर्गांत सगळीकडे चालतो. वर्गाचे गट पाडायचे, गटातून एकाने उभं राहून उत्तर द्यायचं, मग पडद्यावरचा एक चौकोन निवडायचा. चौकोनाखाली गुण निघतात, नाहीतर बॉम्ब निघतो आणि सगळे गुण जातात. दुसऱ्या इयत्तेच्या, म्हणजे आपल्या आठवीच्या, वर्गात हाच खेळ रंगात आला होता. शेवटच्या फेरीला दुप्पट गुण होते. खिडकीकडच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला. प्रश्न साधा होता, "व्हॉट डिड यू डू लास्ट वीकेंड?" तो गप्प. गटातल्या मुलीने दबक्या आवाजात उत्तर पुरवलं. मग कुणीतरी बाकावर बोटं वाजवायला लागलं, मग दोघं, मग चौघं. "आय गो..." म्हणून तो थांबला. पलीकडच्या गटातून कुणीतरी तेच दोन शब्द त्याच्या आवाजात म्हणून दाखवले. वर्ग हसला. तो खाली बसला आणि त्याचा गट हरला.

पुढच्या आठवड्यापासून त्याला काहीही विचारलं की प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर यायचं, "मोल्लायो", म्हणजे मला माहीत नाही. ते सत्र संपेपर्यंत त्याने माझ्या तासाला दुसरं काही म्हटलं नाही. आणि लेखी कामात हाच मुलगा गेल्या रविवारी काय केलं यावर चार सरळ वाक्यं लिहायचा, भूतकाळ अचूक वापरून. इंग्रजी त्याला येत होतं, पण चारचौघांत ते बोलायची वाट त्या खेळाने बंद केली.

हे समजायला तिथल्या मुलांचं जग थोडं ठाऊक हवं. १९९७ पासून कोरियात इंग्रजी प्राथमिकच्या तिसरीपासून सक्तीचं आहे, म्हणजे आठवीतल्या मुलाने ते निदान पाच वर्षं शिकलेलं असतं. शाळा सुटल्यावर बरीच मुलं हागवॉनला, म्हणजे खासगी क्लासला, जातात. या सगळ्याचं टोक असतं हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी नोव्हेंबरात होणारी सुनुंग ही प्रवेशपरीक्षा. तिच्यात इंग्रजीचे ४५ प्रश्न, त्यातले १७ ऐकून सोडवायचे. ऐकण्याच्या त्या चाचणीच्या वेळेत आवाज नको म्हणून देशभर विमानांची ये-जा थांबवतात, इतकं तिचं महत्त्व. बोलण्याची परीक्षा मात्र तिच्यात नाही. शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनात बोलायचे गुण असतात, पण त्यासाठी मुलं आख्खं भाषण पाठ करून येतात. म्हणजे मनातलं वाक्य जागच्या जागी जुळवून बोलायची संधी मुलाला मिळालीच तर तुमच्या या खेळात मिळते. म्हणून खेळ हा तासाचा उरलेला वेळ भरायचा प्रकार समजू नका. फार जपून घ्यायची गोष्ट आहे ती.

दुसरं, नुनची. समोरच्यांच्या मनात काय आहे ते न बोलता ओळखायचं आणि त्याप्रमाणे वागायचं, याला तिथे फार मान. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला वर्गाची नजर क्षणोक्षणी जाणवत असते. चुकणाऱ्याला ती जशी बोचते तशीच फार चांगलं बोलणाऱ्यालाही. दोनेक वर्षं परदेशात राहून आलेली एक मुलगी माझ्या वर्गात होती. माझ्याशी एकटी असली की अस्खलित बोलायची आणि वर्गात मुद्दाम 'फ'चा 'प' करून, शब्दाच्या शेवटी 'इ' जोडून वाचायची, इतरांसारखं. तिला उभं करून "बघा, कसं छान बोलते" असं म्हणू नका. तिची पंचाईत होते.

तर मग करायचं काय? मी एकच कसोटी लावते. बोलणाऱ्याला प्रेक्षक नकोत आणि बोलल्याशिवाय खेळ पुढे सरकता कामा नये. या कसोटीला जो खेळ उतरत नाही तो कितीही गाजलेला असो, सोडून द्या.

बाकं समोरासमोर दोन रांगांत लावा. प्रत्येकासमोर एक जोडीदार. दीड मिनिट बोलायचं, घंटी वाजली की एका रांगेने एक जागा सरकायचं. एकाच वेळी चौदा जणं बोलत असतात, त्यामुळे कुणाचं कुणाला ऐकू जात नाही आणि त्या गलक्यातच मुलांना आडोसा मिळतो. यात एक सुधारणा जरूर करा. प्रत्येक जोडीदाराला नवीन गोष्ट सांगायला लावू नका, तीच गोष्ट पुन्हा सांगू द्या आणि वेळ कमी करत न्या. न्यूझीलंडचे भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी १९८९ मध्ये या पद्धतीवर लिहिलं होतं. त्यात चार, तीन आणि दोन मिनिटं असा क्रम आहे. मिडल स्कूलच्या मुलांना चार मिनिटं झेपत नाहीत. नव्वद, साठ आणि पंचेचाळीस सेकंद ठेवा. तिसऱ्या जोडीदाराशी बोलताना तेच मूल न अडखळता बोलतं आणि आपण बोललो हे त्याचं त्यालाच कळतं. माझ्या सगळ्या तासांत इतकी खात्रीची गोष्ट दुसरी नव्हती.

माझा सर्वांत आवडता खेळ दुकानाचा. कोरियात कोपऱ्याकोपऱ्यावर चोवीस तास उघडं दुकान असतं आणि शाळा ते हागवॉन यांच्यामधली भूक मुलं तिथेच भागवतात. मी दुकानाचं चित्र दोन प्रकारे काढायचे. 'अ'च्या कागदावर निम्म्या वस्तूंच्या किमती, 'ब'च्या कागदावर उरलेल्या निम्म्यांच्या. तिकोनी किंबाप, केळ्याचं दूध, कपातले नूडल्स, सॉसेज. दोघांच्या हातात मिळून पाच हजार वॉन आणि त्यात दोघांचं पोट भरायचं. एकमेकांचा कागद पाहायचा नाही. आता विचारल्यावाचून गत्यंतर नाही. "हाऊ मच इज द बनाना मिल्क?" "सेव्हन्टीन हंड्रेड." "टू एक्स्पेन्सिव्ह! नो मिल्क. वॉटर." "नो! आय वाँट मिल्क. यू ड्रिंक वॉटर." दोघं खरोखर भांडतात, इंग्रजीत. व्याकरण मोडकं असतं, असू द्या.

इथे हटकून दोन गोष्टी होतात. मुलं कागद सरळ पुढे करतात, नाहीतर कोरियन बोलून झटक्यात उरकतात. मधे उभी फाइल ठेवा किंवा पाठीला पाठ लावून बसवा, म्हणजे पहिली अडचण मिटते. दुसरीवर दंड लावू नका. कोरियन शब्द आला की एक गुण कमी, हा नियम लावला की वर्गात कोरियन बंद होत नाही, बोलणंच बंद होतं. फळ्यावर पाच तयार वाक्यं लिहून ठेवा: "से इट अगेन", "वेट अ मिनिट", "हाऊ डू यू से धिस इन इंग्लिश?" अशी. अडलं की मूल फळ्याकडे पाहतं आणि इंग्रजीतच राहतं.

हार-जीत ठेवूच नका असं माझं म्हणणं नाही, मुलांना ती हवीच असते. पण हार ज्ञानावर ठरू देऊ नका, नशिबावर ठरू द्या. बॉम्बचा खेळ मुलांना आवडतो तो प्रश्नांमुळे नाही, चौकोनाखाली काय निघेल या धाकधुकीमुळे. ती धाकधूक ठेवा आणि बोलायचं काम जोड्यांकडे द्या. प्रश्नावर आधी सगळ्या जोड्या बोलतील, मग चौकोन कुणी उघडायचा ते कावी-बावी-बो ठरवेल. कात्री, दगड, कापड असा हा हाताचा खेळ कोरियन मुलं दिवसातून कितीदा तरी खेळतात. त्याचा निकाल कुणाच्या अब्रूवर येत नाही. जोड्या पाडायलाही हीच युक्ती चालते. मुलामुलीला शिक्षकाने शेजारी बसवलं की दोघंही कानकोंडी होतात. कागदावर उभ्या-आडव्या रेघांची शिडी काढून नावं जुळवायचा तिथला सादारीचा खेळ आहे. त्यातून जोडी निघाली की कुणी तक्रार करत नाही.

माफिया हा खेळ मुलं स्वतःहून मागतील. कोण खुनी ते ओळखायचं, वाद घालायचा, मत द्यायचं. मागणी लगेच मान्य करू नका. पहिल्या फेरीत 'मेलेली' मुलं उरलेला तास फोन नसलेल्या हातांनी नुसती बसून राहतात आणि जिवंतांचा वाद दोन मिनिटांत कोरियनमध्ये शिरतो. घ्यायचाच असेल तर आठ-आठ जणांचे गट करा आणि मेलेल्यांना बातमीदार करा. रात्री काय घडलं ते इंग्रजीत जाहीर करायचं काम त्यांचं. त्यापेक्षा दोन खऱ्या गोष्टी आणि एक खोटी हा खेळ या वयाला छान मानवतो. त्यात मुलाला स्वतःबद्दल खरं सांगायची सक्ती नसते, खोट्याच्या आड लपता येतं. ऐकणाऱ्याने मात्र तीन प्रश्न विचारल्याशिवाय निवाडा द्यायचा नाही, नाहीतर नुसतं बोट दाखवून खेळ संपतो.

अंड्याचं पिल्लू, पिल्लाची कोंबडी असा हातवारे करत वर चढायचा खेळ पहिल्या वर्षाच्या मुलांपुरताच ठेवा, तिसऱ्या वर्षाची त्याला पोरकट म्हणतात. बक्षिसाच्या गोळ्या-चॉकलेटच्या मी विरोधात आहे. एकदा वाटली की पुढच्या तासाला दारातच विचारणा होते.

शाळा सुटल्यावरच्या जादा तासाला वेगवेगळ्या इयत्तांची मुलं एकत्र असतात. तिथे वयाचं भान ठेवा. वरच्या वर्गातला मुलगा खालच्या वर्गातल्याकडून हरला तर ते दोघांनाही जड जातं. एकमेकांविरुद्ध न ठेवता त्यांना एकाच बाजूला ठेवा.

सोबतच्या कोरियन शिक्षकांशी आदल्या दिवशीच बोलून घ्या. नियम तुम्ही इंग्रजीत सांगण्यापेक्षा दोघांनी मिळून एक फेरी खेळून दाखवा, उरलं असेल ते सोबतचे शिक्षक कोरियनमध्ये एका वाक्यात सांगतील. खेळ चालू असताना चुका दुरुस्त करू नका. फिरत राहा, कानावर पडतील त्या चुका वहीत टिपा आणि शेवटच्या पाच मिनिटांत कुणाचंही नाव न घेता त्यातल्या दोनतीन फळ्यावर मांडा. परीक्षेच्या आधीच्या दोन आठवड्यांत नवा खेळ काढू नका. मुलांचं चित्त ठिकाणावर नसतं, आणि ते रास्तच आहे. तेव्हा पाठ्यपुस्तकातल्या धड्याचेच प्रश्न दोन रांगांच्या खेळात घाला.

हे सगळं कोरियात जाणाऱ्यांसाठीच आहे असं नाही. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला, आणि पुण्यात कोरियन कुटुंबं राहतात. त्यांच्या मुलांना घरी इंग्रजी शिकवणाऱ्या दोघीतिघी मला विचारतात, मूल तोंडच उघडत नाही, काय करावं? तिथे वर्ग नसतो, पण ऐकणारं कुणीतरी असतंच. बहुतेक वेळा आई त्याच खोलीत, कौतुकाने, प्रत्येक वाक्याकडे कान देऊन बसलेली असते. त्यांना आदराने सांगा की पहिला महिनाभर दुसऱ्या खोलीत बसलात तर बरं होईल, महिन्याअखेरीस काय काय झालं ते मी तुम्हाला लिहून देईन. आणि त्या मुलाच्या वयाचं दुसरं एखादं मूल, कोरियन किंवा मराठी, मिळालं तर त्याला शेजारी आणून बसवा आणि दोघांच्या हातात दुकानाचे कागद द्या.