कोर्टाचा कागद दारात आला तर



शेतकी खात्याच्या या पानावर आम्ही एरवी बेणे, खत आणि खोडव्याची निगा लिहितो. या वेळी विषय निराळा आहे. केम गटात नोंदी घेत फिरताना गेल्या हंगामात आम्हाला उसापेक्षा कोर्टाचेच प्रश्न जास्त विचारले गेले. कुणाचा बांध, कुणाची वाटणी, कुणाची वाट. आम्ही शेतकी पदविकेची माणसे, वकील नव्हे. पण आमच्या घरातही दावा होऊन गेलेला आहे, त्यामुळे ठेच कुठे लागते ते ठाऊक आहे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याकडे पोरासोरांनाही पाठ आहे. ती दावा लावणाऱ्यासाठी ठीक. ज्याच्यावर दावा लागला त्याने ती धरून घरी बसू नये. आमच्या वडिलांनी तेच केले. बेलिफ समन्स घेऊन आला तर वडील मागच्या दाराने ज्वारीत गेले, आणि आजीने "घरी कोणी नाही" म्हणून सांगितले. कागद घेतलाच नाही तर दावा चालणार कसा, असा त्यांचा हिशेब. बेलिफाने समन्स दाराला डकवले, शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या आणि तसा अहवाल कोर्टात दिला. पुढे एकतर्फी हुकूमनामा झाला, तो आम्हाला दरखास्त आल्यावर कळला. तो हुकूमनामा रद्द करून घ्यायला दोन वर्षे आणि एक बैलजोडी गेली. दावा होता बांधालगतच्या अर्ध्या गुंठ्याचा!

समन्स घेण्यास नकार दिला, दाराला डकवले किंवा रजिस्टर पाकीट "घेण्यास नकार" शेरा पडून परत गेले, तरी कोर्ट ते बजावले गेले असे धरू शकते. तुम्ही घरी नसाल तर घरातल्या सज्ञान माणसाने घेतलेलेही चालते. म्हणून समन्स घ्या, त्यावरची तारीख आणि दाव्याचा नंबर पाहा, आणि सोबत दाव्याची प्रत आहे का ते बघा. सही करून घेतले म्हणजे दावा कबूल केला असे नाही.

समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत द्यायची असते. कारण पटले तर कोर्ट 90 दिवसांपर्यंत मुदत वाढवते. एकतर्फी निकाल झालाच, तर तो रद्द करण्याचा अर्ज निकालापासून 30 दिवसांत करावा लागतो. समन्स रीतसर बजावलेच नसेल, तर निकाल कळल्यापासून 30 दिवस धरतात. तालुक्याच्या दिवाणी कोर्टाच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायलाही 30 दिवसच. निकालाची नक्कल मिळण्यात गेलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच टाकावा.

ही एकतर्फी निकालाची खोड आपल्या भागात फार जुनी आहे. 1875 च्या मे महिन्यात बारामतीजवळच्या सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले आणि त्यांनी कर्जरोखे व हुकूमनामे जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. चौकशीत निघाले की सावकार दावा लावी, कुणबी कोर्टात जातच नसे, आणि निकाल एकतर्फी होई. म्हणून 1879 च्या दख्खनच्या शेतकरी कायद्यात शेतकऱ्याला कोर्टापुढे बोलावून त्याचे म्हणणे घ्यावे, रोख्यामागचा मूळ हिशेब तपासावा, असे घातले गेले. तो पहिल्यांदा लागू झाला त्या चार जिल्ह्यांत आपला सोलापूर होता. त्या कायद्याखाली न्यायमूर्ती रानडे यांनीही स्पेशल जज्ज म्हणून काम केले. तो कायदा केव्हाच गेला. आता कोर्टात कुणी बोलावून विचारत बसत नाही, आपणच वेळेवर जायचे.

आता वाटेचा विषय. आमच्या मते ऊसवाल्याला सगळ्यात जास्त नडतो तो हाच. शेजाऱ्याने जूनमध्ये वाटेवर चारी काढली. तुमचा आडसाली ऊस उभा आहे, डोक्यावर खत नेता येते, म्हणून तुम्ही "बघू तोडीच्या वेळी" म्हणता. जानेवारीत तोडीचा प्रोग्रॅम लागतो, टोळी येते, ट्रॉली बांधावरच उभी राहते. मग तुम्ही तहसीलला पळता. मामलेदार कोर्ट अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदार वहिवाटीच्या वाटेतला किंवा पाण्यातला अडथळा काढायचा हुकूम देऊ शकतात, पण अर्ज अडथळा झाल्यापासून 6 महिन्यांत हवा. जून ते जानेवारी मोजा. मुदत गेली की उरते दिवाणी कोर्ट, आणि तोवर उसाला तुरा येऊन वजन घटते. तेव्हा वाट अडली त्याच आठवड्यात पंच बोलावून पंचनामा करा, फोटो काढा आणि अर्ज देऊन पोच घ्या.

मुळात वाटच नाही अशांनी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागावा. तो निकाल मान्य नसल्यास वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. दोन्ही कलमांची एकाच अर्जात खिचडी करू नये. तसे अर्ज आम्ही पाहिले आहेत, आणि ते रेंगाळतात.

तोडणी-वाहतुकीच्या मंडळींसाठी एवढेच, की कोरा चेक सही करून देऊ नका. चेक परत गेल्याची नोटीस आली तर पैसे भरायला 15 दिवस असतात.

वकिलाला वकीलपत्र द्याल तेव्हा त्याची झेरॉक्स ठेवा, फीची पावती मागा, कोऱ्या कागदावर सही करू नका. प्रत्येक दाव्याला 16 अक्षरांचा सीएनआर नंबर असतो. तो मोबाईलवरच्या ई-कोर्ट्स ॲपमध्ये घातला की पुढची तारीख दिसते. कॉलेजात जाणारा पोरगा दोन मिनिटांत दाखवील. नुसती तारीख बघायला करमाळ्याचे हेलपाटे कशाला?

वकिलाची ऐपत नसेल तर 1987 च्या विधी सेवा कायद्याने मोफत वकील मिळतो. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अटही नाही. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा, फोन 15100. वाटणीत बहिणींकडून घाईने हक्कसोडीवर सह्या घेतल्या जातात. भगिनींनी आधी तिथे विचारून घ्यावे, भाऊ रागावला तरी.

लोकअदालतीत तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते. मात्र त्या निवाड्यावर अपील नाही. गट नंबर, क्षेत्र आणि दिशा शब्दन् शब्द वाचून घेतल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नये.

आमच्याकडून होईल ते असे: ऊस नोंद, लागण तारीख आणि वजनपावत्यांच्या नकला कोर्टकामासाठी लागल्यास गट ऑफिसात लेखी अर्ज द्यावा. भावाभावांत दावा चालू असेल आणि कोर्टाचा मनाई हुकूम झाला असेल, तर त्याची प्रत नोंदीच्या वेळीच चिटबॉयकडे द्यावी. बिल निघाल्यावर आणलेल्या हुकुमाने गेलेले पैसे मागे घेता येत नाहीत.