वारा अडतो, पाऊस अडत नाही : हलक्या जाकिटाचा एक अभ्यास

आपले वाशीम एके काळी वत्सगुल्म या नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. याच शाखेतील राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्षुसंघाला अर्पण केले. हा संबंध फळ्यावर लिहून देण्यापेक्षा प्रत्यक्ष दाखवावा, या हेतूने काही वर्षांपूर्वी ऑगस्ट महिन्यात आम्ही आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेले होते. लेणी तर पाहून झालीच; परंतु त्या सहलीने इतिहासाच्या शिक्षकाला पदार्थविज्ञानाचा एक धडा शिकवला. तोच येथे मांडत आहोत.

सहलीपूर्वी एका हितचिंतकांनी सर्व मुलांना एकेक विंडचीटर भेट दिले होते. वजनाला शंभर-सव्वाशे ग्रॅम, घडी केली तर मुठीत मावेल असे. ज्या दुकानातून ते घेतले तेथे 'यातून पाण्याचा थेंब जात नाही' असे सांगण्यात आले होते आणि आम्हीही त्यावर विश्वास ठेवला. लेण्यांसमोरच्या ज्या टेकडीवरून 1819 मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली असे सांगतात, त्या टेकडीवर आम्ही चढलो आणि पावसाने गाठले. आडोसा नव्हता. वारा दरीतून वर येत होता. पहिली दहा मिनिटे थेंब जाकिटांवरून मोत्यांसारखे ओघळत होते आणि मुले आनंदात होती. अर्ध्या तासाने एकाही मुलाचा सदरा कोरडा उरला नाही. आठवीतील एका किरकोळ अंगाच्या मुलाचे दात वाजू लागले, ओठ निळसर पडले, त्याला बोलताही येईना. त्याचे आईवडील ऊसतोडीला जाणारे; मूल आमच्या स्वाधीन करून निर्धास्त झालेले. खाली बसमध्ये आणून ओले कपडे काढले, अंग पुसले, दोन चादरींत गुंडाळले, गरम चहा पाजला, तेव्हा तासाभराने तो सावरला. तो तास आम्ही विसरलेलो नाही.

दुसऱ्या एका मुलाच्या आईने त्याच्या पिशवीत खताच्या पोत्याची खोळ घालून दिली होती. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून केलेली, निंदणीच्या वेळी बाया डोक्यावरून पाठीवर घेतात तीच. इतर मुले हसतील म्हणून त्याने ती बाहेर काढलीच नाही.

ऑगस्टात, थंडी नसताना, मूल गारठते कसे? आपल्या अंगालगत उबदार हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो थर सतत पुसून नेतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, म्हणून टेकडीवरचा वारा अंगणातल्या वाऱ्याहून इतका निराळा लागतो. त्यात कपडे ओले असतील तर संकट वाढते. एक ग्रॅम पाणी अंगावर वाळताना सुमारे 580 कॅलरी उष्णता ओढून घेते. भिजलेल्या सदऱ्यात 200 ग्रॅम पाणी धरले, तर ते वाळण्यासाठी 116 किलोकॅलरी लागतात; म्हणजे साधारण एका लहान भाकरीतून मिळते तेवढी उष्णता, आणि तिचा बराच भाग अंगातूनच जातो. सुती कापड पाणी धरूनही फार ठेवते.

आता त्या विंडचीटरला न्याय दिला पाहिजे. ते निकामी नव्हते. नायलॉनचे बारीक धागे घट्ट विणले की कापड कागदाएवढे पातळ असूनही वारा अडवते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे मैदानावर धावताना सुती सदरा, त्यावर स्वेटर आणि वर असे जाकीट घातले तर नुसत्या जाड स्वेटरपेक्षा अधिक ऊब राहते, कारण स्वेटरच्या जाळीतील हवा वारा उडवून नेत नाही. वाऱ्यापुरते त्याने आपले काम चोख केले. पावसाचे काम त्याच्याकडे आम्ही सोपवले, ही आमची चूक.

पाणी जाकिटात तीन वाटांनी शिरते. पहिली वाट कापडाची. नव्या कापडावर पाणी झटकणारा एक लेप असतो, त्यामुळे थेंब ओघळतात. मात्र लेप म्हणजे अडसर नव्हे. मळ, घाम आणि धुण्याचा सोडा यांनी तो झिजतो, कापड पाणी पिऊ लागते आणि जेथे दाब पडतो तेथून ते आत उतरते. दप्तराच्या पट्ट्याखाली खांदे आधी भिजतात ते यामुळेच. दुसरी वाट शिवणीची. सेंटीमीटरला चार टाके धरले, तरी मीटरभर शिवणीत सुईची चारशे छिद्रे होतात. चांगल्या रेनकोटात आतून शिवणीवर पट्टी चिकटवलेली असते. ती नसेल तर कापड कितीही उत्तम असो, पाणी येणारच. तिसरी वाट उघडी असते : गळा, बाह्या आणि चेन.

सहलीहून परतल्यावर आम्ही विज्ञानाच्या सहकाऱ्यांच्या मदतीने एक प्रयोग केला. तो कोणत्याही शाळेत करता येईल. कापडाची जलरोधकता पाण्याच्या उंचीने मोजतात : कापडावर पाण्याचा किती मिलिमीटर उंच स्तंभ उभा राहिला म्हणजे पलीकडे थेंब दिसू लागतात, तो आकडा. लेबलावर 1500, 5000, 10,000 असे जे लिहिलेले असते ते हेच. आम्ही प्लॅस्टिकची एक मीटर लांबीची नळी घेतली, तिच्या खालच्या तोंडाशी जाकिटाचे कापड रबराने घट्ट बांधले आणि वरून पाणी ओतले. वीतभर पाणी होताच विंडचीटर गळू लागले. गोणपाट ओतताक्षणीच गळाले. खताच्या पोत्याचे आतले प्लॅस्टिक बांधले, तेव्हा नळी काठोकाठ भरली तरी थेंब आला नाही. वर्ग शांत झाला. खोळ लपवणारा मुलगा मागच्या बाकावरून उठून नळीजवळ आला आणि त्याने कापडाला हात लावून पाहिले.

एक मीटर तरी पुरे का? 50 किलो वजनाचा माणूस ओल्या सीटवर बसला आणि त्याचा भार हजार चौरस सेंटीमीटरवर पडला, तर तो दाब अर्ध्या मीटर पाण्याएवढा होतो. गुडघा टेकला की त्याहून जास्त. म्हणून हजाराचा आकडा रिमझिमीपुरता समजावा. दिवसभराच्या पावसात पाच हजारांच्या वरचेच घ्यावे.

खोळीतही दोष आहेच. प्लॅस्टिक घाम बाहेर जाऊ देत नाही. हे दुखणे जुने आहे. 1823 मध्ये स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांच्या मध्ये रबर घालून जलरोधक कापडाचे पेटंट घेतले. ते थंडीत कडक, उन्हात चिकट आणि अंगावर कायम कोंदट. 1879 मध्ये थॉमस बर्बेरी यांनी घट्ट विणीचे गॅबर्डिन काढले. ते हलके होते, वारा उत्तम अडवी, पाऊस बराचसा. 1924 च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज मॅलरी यांच्या अंगावर याच कापडाचे जाकीट होते. आपल्याकडे 1920 मध्ये सुरेंद्रमोहन बोस यांनी कोलकात्यात बेंगॉल वॉटरप्रूफ हा कारखाना काढला आणि 'डकबॅक'चे रेनकोट घरोघर गेले. पुढे 1969 मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉन झटक्याने ताणून सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा मिळवला : थेंब अडतो, वाफ निघून जाते. आजची महागडी जाकिटे या कल्पनेवर उभी आहेत. परंतु वाफ बाहेर जाण्यासाठी बाहेरची हवा आतल्यापेक्षा बरीच कोरडी लागते. आपल्या श्रावणात हवा आधीच दमट असते, तेव्हा काही हजार रुपये मोजूनही अंग ओले होईल ते घामाने. अशा पावसात काखेत चेन असलेला, सैल, साधा रेनकोट बरा, असे आमचे मत झाले आहे.

थरांची युक्ती मात्र पाश्चात्त्यांकडून शिकण्याचे कारण नाही. महावग्गाच्या चीवरस्कंधकात एक प्रसंग आहे. वेसालीच्या गोतमक चैत्यात, हिवाळ्याच्या ऐन कडाक्यात, भगवान बुद्ध रात्री एका चीवरानिशी उघड्यावर बसले. पहिला प्रहर सरल्यावर थंडी वाजली, तेव्हा दुसरे चीवर घेतले, मधला सरल्यावर तिसरे, पहाटे चौथे. मग भिक्षूंना तीन चीवरांची अनुज्ञा दिली : दुहेरी संघाटी, एकेरी उत्तरासंग, एकेरी अंतरवासक. वर्गात आम्ही थर मोजायला सांगतो. दोन, एक आणि एक, म्हणजे चारच! स्वतःच्या अंगावर पाहून मग नियम केला.

त्या सहलीनंतर वसतिगृहात खरेदीची रीत बदलली. नमुन्याचे एक जाकीट आधी नळीला बांधले जाते, शिवण उलटी करून पट्टी पाहिली जाते, मगच बाकीच्यांचे पैसे दिले जातात. विंडचीटर टाकून दिलेले नाहीत. ते हिवाळ्यात पहाटेच्या कवायतीला निघतात. पावसाळी सहलीत प्रत्येकाच्या पिशवीत एक कोरडा सदरा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून असतो. रेनकोट सोड्यात भिजवायचे नाहीत, पिळायचे नाहीत, साध्या पाण्याने धुऊन सावलीत टांगायचे, हे नववीची मुले आठवीच्या मुलांना शिकवतात. आणि ज्यांच्या घरून खोळ येते, त्यांची खोळ रेनकोटांच्याच खुंटीवर टांगली जाते.